निसरडीं अस्तरें

श्रावण लागला कीं स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी हट्टाला पेटते. चैत्रांत जें मीठ भुरभुर गळत होतें, तेंच आतां बरणीच्या कडेला धरून बसतें. आडवी केली तरी ढळत नाहीं, उपडी केली तरी पडत नाहीं, आणि बुडावर दोन थापा मारल्या कीं एकदम ढेकूळ होऊन ताटांत कोसळतें. गृहिणीला याचें कांहीं नवल वाटत नाहीं. ती बरणींत चार दाणे तांदुळाचे टाकते आणि पुढच्या कामाला लागते. परंतु मिठाच्या जागीं शेंकडों टन कोळसा आहे, बरणीच्या जागीं कित्येक मजले उंचीची पोलादी कोठी आहे, आणि त्या कोठीच्या तोंडाखालीं एखाद्या शहराला वीज पुरविणारी भट्टी कोळशाची वाट पाहत आहे, अशी कल्पना श्रोत्यांनीं केली, म्हणजे या हट्टाची किंमत काय असूं शकेल हें ध्यानांत येईल.

चंद्रपूर किंवा कोराडी येथील औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा खाणींतून येतो तो सरळ भट्टींत जात नाहीं. तो वाघिणींतून उतरतो, रबरी पट्ट्यावर चढतो, चुरडला जातो, एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर पडतो आणि शेवटीं कोठींत येऊन थांबतो. एका पट्ट्याचा माल दुसऱ्यावर सोडणारी जी उतरती पोलादी पन्हळ असते तिला कारखान्यांत शूट म्हणतात. आणि कोठीच्या खालच्या, नरसाळ्यासारख्या निमुळत्या भागाला हॉपर. या साऱ्या वाटेवर पट्टा यंत्रानें चालतो, पण शूट आणि हॉपर हीं दोन ठिकाणें अशीं आहेत कीं तेथें कोळशाला ओढणारें कोणी नाहीं. तेथें त्यानें आपल्या भारानें आपण घसरावें एवढीच अपेक्षा असते. उन्हाळ्यांत तो घसरतो. आषाढांत, उघड्यावरच्या ढिगांत भिजून आल्यावर, तो मिठाचाच मार्ग पत्करतो.

येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. चूर अगदीं कोरडा असेल तर वाहतो. पाण्यांत पुरता बुडाला तर चिखल होऊन तोहि वाहतो. अडचण आहे ती मधल्या ओलीची. मुंबईच्या चौपाटीवर वाळूचे किल्ले करणाऱ्या मुलांना हें शास्त्र चांगलें अवगत असतें. कोरड्या वाळूचा बुरूज उभा राहत नाहीं, लाटेखालच्या वाळूचाहि राहत नाहीं. दमट वाळूचा राहतो. दोन कणांच्या मध्यें पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि पृष्ठताणाच्या जोरावर तो त्या कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. कण जितके बारीक, तितके असे पूल अधिक. कोळशाच्या मोठ्या ढेपा बिचाऱ्या निरुपद्रवी असतात. सारा उपद्व्याप त्यांच्याबरोबर येणाऱ्या भुकटीचा आणि मातीचा.

दुसरी गोष्ट भिंतीची. पाण्याच्या टाकींत जसजसें खोल जावें तसतसा दाब वाढत जातो. धान्याच्या किंवा कोळशाच्या कोठींत तसें होत नाहीं. कांहीं खोलीनंतर बुडावरचा दाब वाढावयाचा जवळजवळ थांबतो. जान्सेन नांवाच्या जर्मन अभियंत्यानें १८९५ सालीं धान्याच्या कोठ्यांवर प्रयोग करून याचें गणित मांडलें. वरच्या धान्याचें ओझें बुडावर येतच नाहीं. तें घर्षणाच्या द्वारें भिंतीवर लटकतें. वाळूच्या घड्याळांतहि असाच प्रकार दिसतो: वरच्या कुपींत वाळू पुष्कळ असो कीं थोडी असो, खालीं पडणारी धार बहुतेक सारखीच राहते. भोंकावाटे गळणाऱ्या पाण्याला हें साधत नाहीं. मात्र जें घर्षण बुडाचा भार हलका करतें, तेंच अडचणीच्या वेळीं वैरी होतें. हॉपरच्या निमुळत्या तोंडाशीं दमट चुराला दोन्ही बाजूंच्या भिंतींचा आधार मिळाला कीं तो देवळाच्या दाराप्रमाणें कमान धरतो. वर शेंकडों टन माल आणि खालीं रिकामें तोंड, असा प्रकार होतो.

कधीं कधीं कमान न होतां दुसरेंच घडतें. मधोमध एक विहिरीसारखें भोंक पडतें. तेवढ्यातून वरचा माल खालीं जातो आणि बाजूचा सारा कोळसा भिंतींना चिकटून महिनोन् महिने तसाच राहतो. शंभर टनांची कोठी मग तीस-चाळीस टनांचीच उरते. आणि बाजूला राहिलेला कोळसा स्वस्थ बसत नाहीं. तो हवेशीं संयोग पावून आंतल्या आंत तापूं लागतो व एखादे दिवशीं धुमसूं लागतो.

अशा वेळीं पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे घण. कोणत्याहि जुन्या कारखान्यांतील हॉपर पाहावा, त्याच्या तोंडाजवळचा पत्रा देवीच्या व्रणांप्रमाणें खड्ड्यांनीं भरलेला दिसतो. यांतील विनोद असा, कीं बाहेरून पडलेला प्रत्येक खड्डा आंतून उंचवटा होतो, आणि पुढच्या खेपेस माल अडविण्याला तोच कारणीभूत होतो. घणानें भागलें नाहीं कीं पहार घेऊन वरून ढोसावयाचें. तेंहि फसलें कीं माणूस आंत उतरावयाचा.

या शेवटच्या उपायाबद्दल हलकेपणानें बोलणें शक्य नाहीं. कमानीच्या वरचा थर पायाखालीं घट्ट जमिनीसारखा वाटतो. त्याच्या खालीं पोकळी आहे हें वरून दिसत नाहीं. तो थर कोसळला, अगर खालचें यंत्र कोणी नकळत सुरू केलें, म्हणजे माणूस त्या मालाबरोबर खालीं ओढला जातो. धान्य असो कीं कोळसा, गुडघ्याच्या वर गेलेला पाय स्वतःच्या बळानें निघत नाहीं. छातीपर्यंत बुडालेल्या माणसाला दोरानें ओढून काढूं म्हटलें तर दोर त्याच्या शरीरालाच इजा करील इतका जोर लागतो. श्वास सोडला कीं छातीभोंवतीं दाणे सरकतात आणि पुढचा श्वास घ्यावयाला जागा उरत नाहीं. हें सारें घडावयाला कांहीं सेकंद पुरतात. अमेरिकेंतील शेतांवरच्या धान्यकोठ्यांत आजहि दर वर्षीं माणसें अशीं मरतात. कोठींतला माल आपण होऊन खालीं आला पाहिजे, हा आग्रह केवळ काटकसरीचा नाहीं तो यामुळें.

हा प्रश्न अंदाजानें सोडविण्याऐवजीं मोजून सोडविण्याचें श्रेय अँड्र्यू जेनिके यांस जातें. जेनिके हे पोलंडांत जन्मलेले अभियंते. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत त्यांनीं या एकाच विषयाचा ध्यास घेतला आणि १९६१ व १९६४ सालीं दोन पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्यांनीं एक लहानसें उपकरण सिद्ध केलें. एका कड्यांत भुकटी दाबून भरावयाची, तिच्यावर ठराविक वजन ठेवावयाचें आणि ती आडवी सरकविण्याला किती जोर लागतो तें पाहावयाचें. भुकटीखालीं भुकटीच असेल तर तिची स्वतःची बळकटी समजते. खालीं पत्र्याचा किंवा दुसऱ्या कशाचा तुकडा ठेवला तर त्या पदार्थाशीं होणारें घर्षण समजतें. या दोन आकड्यांवरून हॉपरच्या भिंती किती उभ्या असाव्यात आणि त्याचें तोंड किती रुंद असावें हें काढतां येतें. भिंत पुरेशी उभी आणि पुरेशी गुळगुळीत असेल तर कोठींतील सगळा माल एकाच वेळीं खालीं सरकतो, कोपऱ्यांत कांहीं राहत नाहीं. नसेल तर मधली विहीर पडते.

भिंत अधिक उभी करावी, हें सांगणें सोपें आहे. परंतु उभी भिंत म्हणजे उंच इमारत, आणि बांधून झालेल्या इमारतीची उंची वाढवितां येत नाहीं. म्हणून भिंतीचा उतार तोच ठेवून तिचें घर्षण कमी करावें, हा विचार पुढें आला. घर्षणाचा गुणांक ०.६ असेल तर वस्तू आपोआप घसरण्याला निदान ३१ अंशांचा उतार लागतो, तो ०.२ वर आणला तर ११ अंश पुरतात. प्रत्यक्ष हॉपरचें गणित याहून गुंतागुंतीचें आहे, पण गुणांक उतरला कीं उतारहि उतरतो हा न्याय तेथेंहि खरा. साध्या पोलादाचा दोष असा कीं कारखाना चार दिवस बंद राहिला कीं त्याच्यावर गंज चढतो आणि गंजलेली भिंत किसणीसारखी होते. यासाठीं कोणी गंज न चढणाऱ्या पोलादाचे पत्रे लावले, कोणी वितळवून ओतलेल्या बेसाल्टच्या फरश्या बसविल्या. आणि मग या क्षेत्रांत प्लॅस्टिक आलें.

प्लॅस्टिक म्हटलें कीं सुशिक्षित घरांत अजूनहि बादली आणि पिशवी आठवते. पोलाद झिजविणाऱ्या खनिजासमोर असलें लेचेंपेचें द्रव्य काय टिकणार, असें वाटणें साहजिक आहे. याचें उत्तर एका पदार्थाच्या चरित्रांत आहे.

इंग्लंडांत चेशायर परगण्यांतील विनिंग्टन येथें, आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेंत, मार्च १९३३ मध्यें फॉसेट व गिब्सन हे दोघे रसायनज्ञ एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. हवा होती ती प्रतिक्रिया झाली नाहीं. भांड्यांत मेणासारखा थोडासा पांढरा पदार्थ मात्र सांपडला. तोच पॉलिएथिलीन. पुन्हां करूं गेल्यावर स्फोट होऊं लागले म्हणून तें काम कांहीं काळ सोडून द्यावें लागलें. डिसेंबर १९३५ मध्यें तो पदार्थ पुन्हां हातीं आला, आणि दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांचें वेष्टण म्हणून त्याचा फार उपयोग झाला. मध्यंतरीं, ६ एप्रिल १९३८ रोजीं, अमेरिकेंत ड्यु पाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट यांस एका वायूच्या नळकांड्यांतून वायूच येईना. नळकांडें वजनाला भरलेलें, तोंड उघडें, तरी आंतून कांहीं निघत नाहीं. त्यांनीं तें करवतीनें कापलें तेव्हां आंत निसरडी पांढरी भुकटी निघाली. हें टेफ्लॉन. निसरडेपणांत त्याच्याशीं बरोबरी करणारे घन पदार्थ थोडेच.

मग अस्तरांसाठीं टेफ्लॉनच कां नको? याचा निकाल कारखान्यांत लागण्याआधीं एका रुग्णालयांत लागला, आणि ती हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांतील रायटिंग्टन येथें जॉन चार्नली हे शस्त्रवैद्य झिजलेल्या खुब्याच्या सांध्याऐवजीं कृत्रिम सांधा बसविण्याच्या प्रयत्नांत होते. १९५८ पासून त्यांनीं टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. लंगडणारे रोगी चालूं लागले. परंतु टेफ्लॉन निसरडें असलें तरी कणखर नाहीं. तीन-चार वर्षांत वाट्या झिजल्या आणि झिजेच्या भुकटीनें आसपासचा मांसल भाग सुजून हाड खाल्लें जाऊं लागलें. सुमारें तीनशें रोग्यांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्यांतील पुष्कळांच्या वाट्या चार्नली यांस पुन्हां काढाव्या लागल्या. त्या भुकटीचा परिणाम पाहण्यासाठीं त्यांनीं ती स्वतःच्या मांडींत घालून घेतली होती.

१९६२ सालीं मे महिन्यांत एक विक्रेता रुग्णालयाच्या कार्यशाळेंत एका नव्या प्लॅस्टिकचा नमुना घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या दात्यांना तें वापरीत असत. चार्नली यांनीं त्यांत नख रुतवून पाहिलें आणि तें बाजूस टाकलें. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनीं मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. तीन आठवडे यंत्र अहोरात्र चाललें; टेफ्लॉन एका दिवसांत जितकें झिजे तितकेंहि तें झिजलें नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या द्रव्याची पहिली वाटी बसविली गेली, आणि आज जगभर खुब्याचे कृत्रिम सांधे बसतात त्यांपैकीं बहुसंख्य सांध्यांतील वाटी त्याच कुळीच्या द्रव्याची असते.

तें द्रव्य म्हणजे पॉलिएथिलीनच होतें, पण विलक्षण लांब रेणूंचें. कार्ल त्सीग्लर यांनीं १९५३ सालीं जर्मनींतील म्यूलहाइम येथें एथिलीनचे रेणू साध्या दाबाखालीं जोडण्याची युक्ति शोधली. या कामाबद्दल १९६३ चें नोबेल पारितोषिक त्यांना इटलीच्या ज्यूलिओ नात्ता यांच्याबरोबर विभागून मिळालें. त्या रीतीनें जी सांखळी तयार करतां येते तिचा रेणुभार तीस लाखांच्या वर जातो. म्हणजे एका सांखळींत एथिलीनचे एक लाखाहून अधिक दुवे. बादलीच्या प्लॅस्टिकांत ते कांहीं हजार असतात. इतक्या लांब सांखळ्या एकमेकींत अशा गुंततात कीं पृष्ठावरून एखादा कण ओरबाडून काढावयाचा तर पुष्कळ दुवे एकदम तोडावे लागतात. शेवयांचा गुंता आणि तांदुळाचे दाणे यांत जो फरक तोच येथें. शिवाय या सांखळीला बाजूला कांहीं चिकटलेलें नसतें. पाण्याला किंवा मातीला धरून ठेवील असें टोंक तिच्यावर नाहीं. त्यामुळें पाणी त्यावर पसरत नाहीं, अळूच्या पानावर थांबावें तसें थेंब होऊन थांबतें.

हाच गुंता तें घडवितांना आडवा येतो. सुमारें १३५ अंश सेंटिग्रेडला तें वितळतें, पण वितळूनहि वाहत नाहीं. साच्यांत ओतण्याचा प्रश्नच नाहीं. भुकटी साच्यांत पसरून, उष्णता व दाब देऊन, वड्या थापाव्यात तशा तिच्या लाद्या करतात आणि मग त्या कापतात. चढ-उतारावर घसरत जाणाऱ्या स्कीच्या फळ्यांचे तळवेहि याच द्रव्याचे असतात.

आतां ही लादी हॉपरच्या भिंतीला लावावयाची. येथें कारागिराची परीक्षा आहे. प्लॅस्टिक उष्णतेनें पोलादाच्या दहापट आणि त्याहून अधिक फुगतें. दोन मीटर लांबीची लादी तीस अंश तापली तर सुमारें एक सेंटिमीटर वाढते. तिच्या पाठीमागचा पोलादी पत्रा एक मिलिमीटरहि वाढत नाहीं. चारी बाजूंनीं घट्ट आवळलेली लादी वैशाखांत फुगून पोटाळते, तिच्या मागें भुकटी शिरते आणि मग ती कधींच सपाट होत नाहीं. म्हणून लाद्यांत सांधा मोकळा सोडावा लागतो, बोल्टांना सरकण्यापुरती लांबट भोंकें द्यावीं लागतात, आणि वरची लादी खालचीवर अशा रीतीनें बसवावी लागते कीं माल सांध्याच्या तोंडांत न घुसतां त्याच्यावरून जाईल. कोंकणांतील घरावर कौलें शाकारणाऱ्या माणसाला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. सर्वांत वरची, मालाच्या तोंडची कड तर पोलादी पट्टीखालीं झांकलीच पाहिजे. एकदां ती उचलली गेली कीं कोळसा सारें अस्तर सालीप्रमाणें सोलून काढतो. कांहीं ठिकाणीं खर्च वांचविण्यासाठीं अस्तर अर्ध्या उंचीपर्यंतच लावतात. वरच्या कडेशीं मग एक पायरी होते, आणि माल तिच्यावर आरामांत बसतो. असें अस्तर लावण्यापेक्षां न लावलेलें बरें.

या द्रव्याच्या मर्यादाहि ठरलेल्या आहेत. घसरणीचा मार तें उत्तम सोसतें. वाळू आणि पाणी यांच्या चाचणींत तें साध्या पोलादाहून पुष्कळ कमी झिजतें. परंतु उंचावरून थेट आदळणारा धारदार दगड त्याला कापतो. तेथें पोलाद किंवा रबरच लागतें. सुमारें ऐंशी अंशांपलीकडे तें मऊ पडतें, म्हणून भट्टींतून निघालेल्या गरम राखेच्या वाटेवर त्याचें काम नाहीं. वीज त्यांतून वाहत नाहीं, त्यामुळें कोरडी भुकटी घांसून विद्युत्भार सांचूं शकतो. पीठ किंवा कोळशाची धूळ हवेंत असेल तेथें ठिणगी म्हणजे स्फोट. यासाठीं काजळी मिसळलेल्या, भार वाहून नेणाऱ्या काळ्या लाद्या घ्याव्या लागतात. आणि शेवटीं तें मेणाच्या जातीचें आहे; मेणाप्रमाणें जळतें, मेणाप्रमाणें जळत जळत खालीं ठिबकतें. अस्तर लावलेल्या शूटवर दुरुस्तीसाठीं कोणी वेल्डिंगची ज्योत धरली तर एक ठिणगी लादीच्या मागें जाऊन तासाभरानें धूर काढूं शकते. त्या कामापूर्वीं लाद्या काढणें आणि नंतर पहारा ठेवणें हा जादा सावधपणा नव्हे.

आणखी एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. निसरडी भिंत विहीर पडूं देत नाहीं, पण तोंडच अरुंद असेल तर तेथें होणारी कमान ती पुष्कळदां मोडूं शकत नाहीं. ती कमान मालाच्या स्वतःच्या चिकटपणावर उभी असते. मोजमाप न करतां लाद्या विकत घेऊन डकविणाऱ्या कारखानदाराला पहिल्या पावसाळ्यांतच हें कळून येतें, आणि दोष मग प्लॅस्टिकवर जातो. आधीं त्या ओल्या कोळशाची परीक्षा व्हावी, मग अस्तराची खरेदी, हा क्रम कंटाळवाणा असला तरी स्वस्त पडतो.

गमतीची गोष्ट अशी, कीं त्याच यंत्रावर चार हातांच्या अंतरावर घर्षण हवें असतें. पट्टा ओढणारें पोलादी पिंप पावसांत निसरडें झालें तर पट्टा जागच्या जागीं राहतो आणि पिंप नुसतें फिरतें. म्हणून त्याच्यावर मुद्दाम खांचा पाडलेलें खरबरीत रबर चढवितात. माल पडतो त्या जागीं पट्ट्याच्या खालीं मात्र रबराचे दांडे ठेवून त्यांच्या माथ्यावर हेंच निसरडें प्लॅस्टिक बसवितात: रबर धक्का खातें, प्लॅस्टिक पट्ट्याला सरकूं देतें.

बसविलेल्या अस्तराचे बोल्ट लादीच्या पृष्ठाहून थोडे खोल ठेवलेले असतात. वार्षिक बंदीच्या दिवसांत कोठी रिकामी करून, यंत्रांना कुलुपें घालून, कमरेला दोर बांधलेला माणूस दिवा घेऊन आंत उतरतो तेव्हां तो प्रथम त्या बोल्टांचीं डोकीं पाहतो. तीं काळीं व धुळीनें माखलेलीं असलीं तर लादी अजून जाड आहे. एखादें डोकें नव्या रुपयासारखें चकाकत असेल, तर कोळसा त्याच्यावरून घसरूं लागला आहे. त्या ठिकाणीं तो खडूनें खूण करतो आणि पुढच्या लादीकडे दिवा फिरवितो.